वितळलेले डॉलर आणि उरलेल्यांची किंमत

#थ्रेड

१/ न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीत १९०३ साली चांदीचे ४४,५०,००० डॉलर पाडले गेले. तरीही १९६२ पर्यंत हे नाणे अतिदुर्मीळ मानले जाई; कोऱ्या नाण्याची सूचीतील किंमत १,५०० डॉलरपर्यंत पोहोचली होती. लाखांनी पाडलेले नाणे दुर्मीळ कसे झाले?

२/ हा 'मॉर्गन डॉलर'. जॉर्ज मॉर्गन या कोरीवकाराने घडवलेली ही मालिका १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ साली निघाली. वजन २६.७३ ग्रॅम, चांदी ९० टक्के. या चांदीचा बाजारभाव हा नाण्याच्या किमतीचा तळ. त्यावरची किंमत इतिहास ठरवतो.

३/ व्यवहारात कागदी चलन सोयीचे असल्याने कोट्यवधी डॉलर थैल्यांत भरून सरकारी तिजोऱ्यांतच पडून राहिले. पहिल्या महायुद्धात त्यांच्यावर संक्रांत आली आणि तिचे कारण होते भारत.

४/ युद्धखर्चामुळे भारतात रुपयांची मागणी प्रचंड वाढली. चांदी मात्र अपुरी होती. १९१७ च्या नोव्हेंबरात सरकारने एक रुपयाची नोट काढली. लोकांचा विश्वास मात्र खणखणीत रुपयावरच होता. १९१८ च्या आरंभी नोटा देऊन रुपये मागणाऱ्यांची रीघ लागली आणि सरकारचा साठा तळाला गेला.

५/ २३ एप्रिल १९१८ रोजी अमेरिकेत पिटमन कायदा संमत झाला. त्यानुसार २७ कोटींहून अधिक डॉलर वितळवले गेले. त्यांतील सुमारे २० कोटी औंस चांदी ब्रिटनमार्फत भारतासाठी विकली गेली. तिचे रुपये झाले.

६/ खरी मेख येथे आहे. कोणत्या वर्षाची, कोणत्या टांकसाळीची किती नाणी मुशीत गेली, याची नोंद ठेवली गेली नाही. पाडलेल्या नाण्यांचे आकडे आहेत; उरलेल्यांचे नाहीत. १९०३ चे न्यू ऑर्लिन्सचे डॉलर दिसेनात, तेव्हा ते वितळले असावेत असा समज झाला.

७/ १९६२ च्या अखेरीस सरकारी तिजोरीतून त्याच डॉलरच्या थैल्या बाहेर आल्या. हजारांत मोजली जाणारी किंमत पाहता पाहता दोन आकड्यांवर घसरली. नाणे तेच, चांदी तेवढीच. बदलली ती केवळ माहिती.

८/ उलट उदाहरण १८९३ च्या सॅन फ्रान्सिस्को डॉलरचे. पाडले अवघे १,००,०००, आणि मोठा साठा पुढे कधीच सापडला नाही. त्याचे झिजलेले नाणेही आज हजारो डॉलरना विकले जाते.

९/ म्हणून मूल्य ठरवताना वर्षासोबत मागील बाजूस गरुडाखाली असलेली टांकसाळीची खूण पाहतात, मग किती नाणी उरली याचा अंदाज घेतात आणि शेवटी १ ते ७० या श्रेणीत नाण्याची अवस्था जोखतात. घासून चकचकीत केलेल्या नाण्याचे मोल घटते.

१०/ घरच्या जुन्या डब्यात पंचम जॉर्जचा १९१८ किंवा १९१९ चा रुपया असेल, तर त्यात एखाद्या मॉर्गन डॉलरची चांदी असू शकते. अमेरिकेत उरलेल्या डॉलरची किंमत भारतात आलेल्या या चांदीनेही घडवली आहे.