अंगणातलं झाड कोणाचं?

मृगाचा पाऊस पडला की घराजवळ एखादं झाड लावावं असं वाटू लागतं. कुठलं लावायचं, भिंतीपासून किती दूर, पाणी कोण घालणार, एवढेच प्रश्न आपल्याला सुचतात. चंद्रपूर-गडचिरोलीत मात्र त्याआधीचा एक प्रश्न आहे: हे झाड होणार कोणाचं?

प्रश्न विचित्र वाटेल. अंगण आपलं, खड्डा आपण खणला, मग झाड दुसऱ्याचं कसं? त्यासाठी थोडं मागं जायला हवं.

१८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं आणि चांदा त्यांच्या हाती आला. आजचा गडचिरोली त्यातच होता. तो वेगळा जिल्हा झाला १९८२ मध्ये. इंग्रजांना रेल्वेच्या स्लीपरांसाठी आणि बांधकामासाठी लाकूड हवं होतं. १८६४ मध्ये वनखातं आलं, १८६५ मध्ये पहिला वन कायदा, १८७८ मध्ये त्याहून कडक दुसरा. जंगलं राखीव झाली. सागवान मौल्यवान ठरलं. गावं ज्याच्यावर जगत होती त्या मोहाची फुलं ‘गौण वनोपज’ झाली.

गौण कोणासाठी? मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं रात्रभर टपटपतात. पहाटे घरातली लहानथोर माणसं टोपल्या घेऊन वेचायला जातात. वाळवलेली फुलं पुढे कित्येक महिने खायला, विकायला पुरतात. बियांचं तेल निघतं. म्हणून शेत काढताना बाकीची झाडं तोडली तरी मोह राखला जातो आणि बांधावरच्या मोहावर कोणत्या घराचा हक्क, हे गावाला पाठ असतं. शिवाय फुलं सरता सरता त्याला नवी पालवी येते, म्हणजे ऐन मे महिन्यात सावली. सरकारचा लाडका साग त्याच वेळी निष्पर्ण उभा असतो. पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या चंद्रपुरात हा फरक छोटा नाही.

स्वातंत्र्यानंतर काय झालं? १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं मोहफुलं साठवण्यावर, विकण्यावर, वाहून नेण्यावर बंधनं घातली. ती उठायला २०२१ उजाडलं. १९६४ मध्ये राज्यानं झाडं तोडण्याबाबत कायदा केला. त्याच्या यादीत साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, फणस, ऐन, बिजा अशी सोळा झाडं आहेत. ती स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आदिवासींच्या शेतातलं सागवान ठेकेदार कवडीमोलानं नेत, म्हणून १९६९ मध्ये आणखी एक कायदा आला: आदिवासी खातेदारानं झाड विकायचं ते सरकारी यंत्रणेमार्फत.

हे कायदे वाईट हेतूनं झाले नाहीत. लूट खरीच होती. पण लावणाऱ्याच्या बाजूनं पाहा. उद्या गरज पडली तर कचेरीचे किती खेटे घालायचे, हा हिशेब तो रोप लावतानाच करतो. बांधावर आपसूक उगवलेलं सागाचं रोप कोणी चार पानांवर असतानाच उपटलं, तर त्याला झाडांचा वैरी म्हणता येत नाही.

बांबूची गोष्ट तर याहून मजेदार. वनस्पतिशास्त्रात बांबू हे गवत, पण १९२७ च्या वन कायद्यानं त्याला ‘झाड’ म्हटलं. त्यामुळे परसातला बांबू कापून बाजारात न्यायचा तर वाहतूक परवान्याचा प्रश्न. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड गाव याच प्रश्नावर अडून बसलं. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू विकायचा परवाना वनखात्याकडेच होता. देवाजी तोफा आणि ग्रामसभा मागे हटली नाहीत. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. खासगी जमिनीतला बांबू मात्र कायद्याच्या ‘झाडां’मधून बाहेर पडला २०१७ मध्ये. म्हणजे गवताला गवत म्हणायला आपल्याला नव्वद वर्षं लागली.

मग या पावसाळ्यात काय लावावं? अंगण छोटं असेल तर शेवगा, लिंबू, सीताफळ. ही त्या यादीत नाहीत आणि लवकर फळतात. जागा मोठी असेल तर मोह लावा. भिंतीपासून वीस-पंचवीस फूट सोडा. त्याचं बी लवकर निकामी होतं, म्हणून जून-जुलैत ताजं बी थेट जागेवरच पेरा. सोटमूळ खोल जातं, मोठं रोप हलवलेलं त्याला सोसत नाही. भोवती काट्यांचं किंवा बांबूचं कुंपण करा, नाहीतर शेळ्या ठेवणार नाहीत. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्या. फुलं यायला दहाएक वर्षं तरी लागतील.

आणि झाड शेतात असेल तर त्याची सातबाऱ्यावर नोंद करून घ्या. मोहाचं आयुष्य मोठं असतं. फुलं वेचायला उद्या जी मुलं येतील, त्यांना ‘हे झाड कोणाचं?’ असं कोणी विचारलं, तर उत्तर कागदावर असलेलं बरं.