मतदारयादीतील नाव : एका हक्काचा इतिहास

अमरावती-नागपूर रस्त्यावर तिवसा तालुक्यात गुरुकुंज मोझरी हे गाव आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये येथे आश्रम स्थापन केला. शेती, आरोग्य, ग्रामसफाई या विषयांबरोबरच गावाचा कारभार कोणाच्या हाती द्यावा आणि मत कसे द्यावे, याचाही विचार त्यांनी 'ग्रामगीते'त केला. खेड्यातील माणसासाठी लिहिलेल्या ग्रंथात मताचा विषय यावा, हे आज स्वाभाविक वाटते. पण आश्रमाची स्थापना झाली त्या वर्षी या गावातील बहुसंख्य लोकांना मतच नव्हते.

1935 च्या कायद्यान्वये 1937 मध्ये प्रांतिक निवडणुका झाल्या. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात होता. मताधिकाराला जमीनमहसूल, कर, शिक्षण अशा अटी होत्या. साहजिकच ज्याच्या नावे जमीन, त्याला मत. त्याच्या शेतात राबणारा सालदार आणि निंदणीला जाणारी मजूर बाई यांना मात्र बहुधा मत नसे.

यादी कशी तयार झाली?

स्वातंत्र्यानंतर प्रत्येक प्रौढाला मत देण्याचे ठरले. राज्यघटना 26 जानेवारी 1950 रोजी अमलात आली. मतदारयाद्यांचे काम मात्र 1948 मध्येच सुरू झाले होते. म्हणजे घटना पूर्ण होण्याआधीच गावोगावी मतदारांची नावे लिहिली जात होती. 1951 च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण 18 टक्क्यांच्या आसपास होते, आणि यादीत सुमारे 17 कोटी 30 लाख नावे घ्यायची होती.

या कामात एक अडचण आली. उत्तरेकडील अनेक प्रांतांत स्त्रिया परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगेनात. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढीच नोंद होई. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी स्वतःच्या नावाशिवाय नोंद ग्राह्य धरली नाही. दुरुस्तीची संधी देऊनही सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे शेवटी गळली. घटनेने दिलेला हक्क केवळ नाव न लिहिल्यामुळे हातातून गेला. हा निर्णय तेव्हा कठोर वाटला, पण त्यामुळे मत कुटुंबाचे नसून व्यक्तीचे आहे हे स्पष्ट झाले. पुढच्या निवडणुकीपर्यंत ही उणीव बरीच भरून निघाली.

पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर 1951 ते फेब्रुवारी 1952 या काळात झाली. अमरावती जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता व राजधानी नागपूर होती. अमरावती भागातून डॉ. पंजाबराव देशमुख लोकसभेवर गेले. वाचता न येणाऱ्यांसाठी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह लावले होते. मतपत्रिकेवर खूण करायची नव्हती. आपल्या पसंतीच्या पेटीत ती टाकली की झाले. एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत नंतर आली. बोटाला लावायच्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असते. ते त्वचेवरील क्षारांशी संयोग पावते आणि प्रकाशात काळे पडते. म्हणून तो डाग धुतल्याने जात नाही.

आज काय पाहावे?

मतदानाचे वय 1989 मध्ये 21 वरून 18 झाले. तरीही 1951 चा धडा जुना झालेला नाही. पुष्कळांना वाटते की ओळखपत्र असले म्हणजे मत देता येते. तसे नाही. यादीत नाव असेल तरच मत देता येते. ओळखपत्र फक्त ओळख पटवते. आपल्याकडे लग्नात ताटातील तांदळावर नवरीचे नवे नाव लिहिण्याची चाल आहे. मग शाळेच्या दाखल्यावर एक नाव, यादीत दुसरे, आणि पत्ता माहेरचाच, असा घोळ होतो. तो निवडणूक जाहीर होण्यापूर्वीच निस्तरावा. नवीन नावासाठी नमुना 6 व दुरुस्ती किंवा स्थलांतरासाठी नमुना 8 भरावा. सतरा वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यालाही आगाऊ अर्ज करता येतो.

केंद्रावर गेल्यावरही काही हक्क ध्यानात ठेवावेत. मत गुप्त असते. ते कोणाला दिले हे सांगण्याची सक्ती कोणीही करू शकत नाही. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेला असेल, तर निमूटपणे परतू नये. ओळख पटवून 'प्रदत्त मत' मागता येते. ते वेगळ्या पाकिटात ठेवतात. एरवी ते मोजले जात नाही, पण वाद न्यायालयात गेल्यास पुरावा ठरते. कोणताही उमेदवार पसंत नसल्यास 2013 पासून 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय आहे. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी मिळण्याचा हक्क रोजंदारीवरील मजुरालाही आहे.

आपल्यापैकी अनेक शिक्षक यादीचे व केंद्राचे काम करतात, म्हणून वर्गात एक उपक्रम सहज घेता येईल. गावाच्या यादीत प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील नावे शोधावीत आणि आजी व आई यांची नावे बरोबर आहेत का, हे त्यांनाच विचारून पाहावे. चूक सापडली, तर नमुना 8 विद्यार्थ्याने घरी नेऊन त्यांच्याकडून भरून घ्यावा. नागरिकशास्त्राचा याहून चांगला गृहपाठ कोणता असणार?