ऊसतोडीपासून माझगावच्या देवळापर्यंत : परमुलखातल्या चिनी नववर्षाचा इतिहास

१/११
दसरा सरला की बीड जिल्ह्यातील अनेक गावे रिती होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. त्यांची संक्रांत कारखान्याच्या तळावर, कोपीच्या दारातच होते. पोटासाठी गाव सोडणारा माणूस आपला सण बरोबर नेतो. मुंबईच्या माझगावात साजऱ्या होणाऱ्या चिनी नववर्षाचे मूळही अशाच स्थलांतरात आहे.

२/११
भारतातील चिनी वस्तीचा प्रारंभ तर उसाच्याच फडातून झाला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तोंग अॅच्यू नावाच्या चिनी उद्योजकाला वॉरन हेस्टिंग्जच्या कारकिर्दीत कलकत्त्याच्या दक्षिणेस, हुगळीकाठी जमीन मिळाली. तेथे त्याने उसाची लागवड व साखरेचा कारखाना उभारला आणि चीनमधून करारबद्ध मजूर आणले. त्याच्या नावावरून त्या गावाला अचिपूर म्हणतात.

३/११
करारात बांधलेले हे मजूर कलकत्त्याला पळून जाऊ लागले, तेव्हा १७८१ मध्ये कंपनी सरकारने अॅच्यूच्या बाजूने जाहीर ताकीद दिली. बीडच्या वाचकाला यात उचल आणि मुकादम यांची ओळखीची सावली दिसेल. अॅच्यूच्या मृत्यूनंतर कारखाना लयाला गेला, सण मात्र उरला. आजही नववर्षाच्या दिवसांत कोलकात्यातील चिनी कुटुंबे मुलाबाळांसह अचिपूरला जातात आणि अॅच्यूच्या नालाकृती, तांबड्या समाधीपुढे उदबत्त्या लावतात.

४/११
महाराष्ट्रात आलेले काही चिनी लोक तर स्वेच्छेने आलेच नव्हते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी चिनी व मलायी बंदिवान महाबळेश्वरच्या तुरुंगात ठेवले. रस्त्यांची कामे त्यांनी केली, भाजीपाल्याचे मळे फुलवले, वेताच्या टोपल्या विणल्या. तेथील एका धबधब्याच्या ‘चायनामन’ या नावात त्यांची आठवण राहिली आहे.

५/११
मुंबईची चिनी वस्ती मात्र गोदीच्या आधाराने वाढली. दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील खलाशी जहाजांवर काम करीत येथे उतरत. पुढे सुतार, दंतवैद्य, केशकर्तनकार, रेशमाचे फेरीवाले, उपाहारगृहांचे चालक असे अनेक व्यवसाय या समाजाने धरले. माझगाव आणि कामाठीपुऱ्यातील शुक्लाजी स्ट्रीट ही त्यांची ठिकाणे होती.

६/११
१९१९ मध्ये माझगावात, डॉकयार्ड रोड स्थानकापासून जवळच, ‘सी यप कून’ हे देऊळ उभे राहिले. ‘सी यप’ म्हणजे चार परगणे : ग्वांगडोंगमधील ज्या चार परगण्यांतून हे लोक आले, त्यांचेच नाव. खालच्या मजल्यावर मुक्कामाला आलेले खलाशी, वरच्या मजल्यावर देव. परक्या बंदरात उतरलेल्या माणसाला प्रथम लागतात ते आसरा आणि आपली भाषा बोलणारी माणसे. या इमारतीत दोन्ही मिळत.

७/११
वरच्या मजल्यावरील देव क्वान कुंग हा मुळात माणूस. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकारंभी चीनमधील सत्तासंघर्षात मारला गेलेला हा सेनानी निष्ठा आणि न्याय यांचे प्रतीक ठरला, आणि कालांतराने देवपदाला पोहोचला. मराठवाड्यात गावोगावच्या वीरगळांना शेंदूर लागतो, त्या परंपरेत वाढलेल्यांना ही वाटचाल परकी वाटणार नाही.

८/११
पंचांगातही नवलाईचे साम्य आहे. चिनी महिना अमावास्येपासून मोजतात. महाराष्ट्रातील अमान्त पंचांगातही अमावास्या सरली की नवा महिना लागतो. चांद्र व सौर वर्षांचा मेळ घालण्यासाठी दोन्हीकडे अधिक महिना धरतात. चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान, बहुधा पौष अमावास्येच्या सुमारास येते.

९/११
त्या दिवसांत माझगावचे हे देऊळ तांबड्या कंदिलांनी सजते. मोठाल्या उदबत्त्या जळतात, कागदी वस्तू अग्नीला अर्पण होतात, वडीलधारे लहानांना तांबड्या पाकिटांतून पैसे देतात, वेळूच्या काड्या हलवून भविष्याचा कौल घेतला जातो. दर्शनाला केवळ चिनी येत नाहीत. याच माझगावात माथारपाखाडीची ख्रिस्ती वस्ती आहे, हसनाबाद येथे पहिल्या आगाखानांची कबर आहे. नाना धर्मांच्या शेजाराची सवय या भागाला जुनीच.

१०/११
तरीही हा शेजार एकदा कसोटीला लागला. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनशी युद्ध पेटले. ज्यांचे आईवडीलच नव्हे, तर आजा-आजींपैकी कोणी एक शत्रुराष्ट्राचे नागरिक होते, त्यांनाही कायद्याने परकीयांचे नियम लागू झाले. सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबण्यात आले. बहुतेक आसाम व बंगालमधील, त्यांत वृद्ध होते आणि लहान मुलेही. युद्ध महिनाभरात थांबले, २१ नोव्हेंबरला. पण २५ जानेवारी १९६३ रोजी चिनी नववर्ष उजाडले, तेव्हाही ही कुटुंबे काटेरी तारांच्या आतच होती.

११/११
छावणीबाहेर राहिलेल्यांवरही पोलिसांची नजर आणि परवान्यावाचून प्रवासाला बंदी. अनेकांनी पुढे कॅनडा, ऑस्ट्रेलिया, हाँगकाँग गाठले. मुंबईत मोजकी कुटुंबे उरली, आणि त्यांनी माझगावचे देऊळ राखले. स्थलांतरित आपला सण गाठोड्यात बांधून आणतो, हे खरे. पण तो रस्त्यावर मोकळेपणाने साजरा करता येतो की दार लावून, हे तेथील शेजारी आणि सरकार ठरवतात. कोपीपुढच्या संक्रांतीला हा नियम लागू आहे, तसाच माझगावच्या नववर्षालाही. शंभरी ओलांडलेल्या या देवळाची अरुंद गल्ली नववर्षाच्या पूर्वसंध्येला आजही पाहुण्यांनी गजबजते.