मागितलेल्या कामाची पावती



पुरुषोत्तमनगर म्हटले की आधी साखर कारखाना डोळ्यांपुढे येतो. आज मात्र आपण खडीबद्दल बोलणार आहोत. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडली, त्या आता आज्या-पणज्या झाल्या. सुकडीचा आणि लाल मिलो ज्वारीचा विषय काढला की त्या अजून बोलत्या होतात. रोजगार हमीचा कायदा याच दिवसांतून आला. तो कसा आला, हे आपल्या बचत गटाला ठाऊक असायला हवे.

तेव्हा आपला शहादा तालुका धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा झाला १९९८ साली. इथल्या कितीतरी भिल्ल कुटुंबांच्या जमिनी कर्जापायी हातच्या गेल्या होत्या. ज्यांची जमीन, तेच दुसऱ्याच्या बांधावर सालदार म्हणून राबत होते. अंबरसिंग सुरतवंती यांनी या माणसांना एकत्र केले. लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत. १९७२ साली इथे श्रमिक संघटना उभी राहिली.

सभांना बायाही येऊ लागल्या. मजुरीचा प्रश्न निघाला तसा दारूचाही निघाला. मजुरी वाढून ती गुत्त्यावरच जाणार असेल, तर चुलीपर्यंत काय पोचणार? बाया गावोगाव निघाल्या. त्यांनी दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत जाब विचारला. हे त्यांना कोणत्या योजनेने शिकवले नव्हते.

दुसरीकडे, मुंबईत वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. ते मूळचे सांगली जिल्ह्याचे. अंगमेहनत करायला तयार असलेल्या माणसाला सरकारने काम दिलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना ही योजना सुरू झाली. मग दुष्काळ पडला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती, त्यांत बाया मोठ्या संख्येने. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध त्यांच्या हातांनी झाले. एवढी माणसे एका जागी आली, एकमेकींशी बोलली आणि काम हा आपला हक्क आहे असे म्हणू लागली. ठिकठिकाणच्या मजूर संघटनांनी ही मागणी पुढेही सोडली नाही.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न होताच. १९७५ साली राज्याने व्यवसाय कर लावला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेला पैसा गावातल्या मजुराच्या कामाला लागला. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पुढे २००५ साली देशभरासाठी कायदा झाला. २ फेब्रुवारी २००६ रोजी तो ज्या पहिल्या २०० जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत आपला नंदुरबार होता.

त्या कायद्यात लाभार्थींमध्ये किमान एक तृतीयांश बाया असाव्यात, असे लिहिले होते. कामावर पिण्याचे पाणी आणि सावली हवी. सहा वर्षांखालची पाच मुले आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची. मागितल्यापासून १५ दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. ज्या बायांनी पाठीशी बाळ बांधून खडी फोडली, त्यांचे हाल या कलमांच्या मागे आहेत.

पण मैत्रिणींनो, कलम आपोआप कामावर येत नाही. हजेरीपट वाचणारे कोणी नसले की खोटी नावे चढतात. खड्ड्याचे माप घेताना बाया बाजूला बसल्या की मजुरी कमी पडते. जिथे संघटना जागी राहिली, तिथे कामे निघाली. सरकारकडे पैसा आणि कायदा असतो. गावात कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे मात्र आपल्यालाच आधी कळते. या दोघांचे सहकार्य कधी अर्जाने झाले, कधी मोर्चाने. सरकारशी भांडलो म्हणजे सहकार्य संपले, असे समजू नका.

आजही दिवाळी सरली की सातपुड्यातली कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. लेकरांची शाळा मध्येच सुटते. गावात वेळेवर काम मिळाले असते, तर त्यांतली काही घरे इथेच राहिली असती. काम मिळत नाही, असे आपण पारावर म्हणतो. पण पारावरच्या बोलण्याची नोंद कुठे होत नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत एवढेच करा. कामाची गरज असलेल्या बायांची नावे लिहा, सगळ्या मिळून ग्रामपंचायतीत कामाच्या मागणीचा अर्ज द्या आणि तारीख घातलेली पावती घेतल्याशिवाय उठू नका. पावती गटाच्या पेटीत, बचतीच्या वहीशेजारी ठेवा. काम मिळाले नाही, तर ग्रामसभेत तीच पावती आपल्या बाजूने बोलेल.