कयाकची सीटच आधी का तुटते?

आजचा भाग एका अगदी छोट्या वस्तूवर आहे. कयाक म्हणजे ती लांबट, चिंचोळी, एकट्यादुकट्याने वल्हवायची होडी. तिची सीट होडीला जिथे जोडलेली असते तो जोड, बस्स. इतिहासाच्या पॉडकास्टवर एका जोडाला अख्खा भाग द्यायचा म्हणजे जरा जास्तच, असं वाटेल. पण या जोडामागे आर्क्टिकचे शिकारी आहेत, म्युनिकचा एक विद्यार्थी आहे, ब्रिटिश नौदलाचं एक कुजलेलं जहाज आहे आणि विमानाच्या पंखावरचा बर्फही आहे.

विषय सुचला तो माझ्या मावसभावामुळे. तारकर्लीच्या बाजूला कर्ली खाडीत तो पर्यटकांना कयाक भाड्याने देतो. पावसाळ्यानंतर त्याने होड्या बाहेर काढल्या तर दहातल्या सहांच्या सीटा खिळखिळ्या. बाकी होडी ठणठणीत. मला फोन करून म्हणाला, ‘तू इंजिनिअर ना? मग सांग, दरवर्षी सीटच कशी तुटते?’ मी सॉफ्टवेअरवाला, बीटेक झालो तरी पाना हातात घेतलेला आठवत नाही. पण प्रश्न मात्र चांगला होता.

तर सुरुवातीपासून बघू. मूळच्या कयाकला सीट नव्हतीच.

ग्रीनलंड, अलास्का, अल्युशियन बेटं इथल्या लोकांनी हजारो वर्षं ज्या कयाक बांधल्या त्यांचा सांगाडा समुद्रातून वाहत आलेल्या लाकडाचा असायचा आणि वर सीलचं किंवा सी लायनचं कातडं ताणून शिवलेलं. माणूस तळाच्या पट्ट्यांवर एखादं कातडं अंथरून सरळ पाय पसरून बसायचा. पाठीला टेकू नाही. होडी धरायची ती मांड्यांनी. ग्रीनलंडच्या कयाकमध्ये मांड्यांच्या वर एक वाकवलेली आडवी फळी असते, तिला मासिक म्हणतात (आपल्या मासिकाशी काही संबंध नाही!). मांड्या तिच्याखाली दाबल्या की होडी आणि माणूस एक. होडी बांधायचीच मुळी वल्हवणाऱ्याच्या शरीराच्या मापाने, कपडे शिवतात तशी.

आणि सांगाड्याचे सांधे खिळ्यांनी ठोकलेले नव्हते, कातड्याच्या वाद्यांनी बांधलेले होते. लाटेवर होडी थोडी पिळवटली की सांधाही थोडा हलायचा आणि परत जागेवर यायचा. अल्युट लोक तर काही सांध्यांमध्ये हाडाचे तुकडे बसवायचे, घासून लाकूड झिजू नये म्हणून.

हे ऐकून आपल्याकडच्या शिवलेल्या होड्या आठवल्या असतील. पश्चिम किनाऱ्यावर शतकानुशतकं फळ्या काथ्याने शिवून गलबतं बांधली जात. भारतीय नौदलाचं ‘कौंडिण्य’ हे शिवलेलं जहाज गोव्यात अशाच पद्धतीने, केरळच्या कारागिरांकडून बांधलं गेलं आणि मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात आलं. त्याचा आकार घेतलाय अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून. आर्क्टिक आणि आपला किनारा यांचा एकमेकांशी संबंध होता असं मी अजिबात म्हणत नाहीये. समुद्र दोन्हीकडे सारखाच पिळतो, एवढंच.

आता सीट आली कधी? तर कयाक युरोपात हौसेची वस्तू झाली तेव्हा. १९०५ मध्ये म्युनिकमध्ये आल्फ्रेड हॉयरिश नावाच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने बांबूच्या काठ्या आणि कापड वापरून घडीची कयाक बनवली. १९०७ मध्ये रोझेनहाइमच्या योहान क्लेपर या शिंप्याने तिचे हक्क घेतले आणि धंदा उभा केला. होडी पिशवीत भरून रेल्वेने नदीवर न्यायची! पण ही होडी एका माणसाच्या मापाची नव्हती, कुणीही विकत घेऊन बसावं अशी होती. मग बसायला फळी आणि टेकायला पाठ लागलीच. म्हणजे सीट ही ‘सगळ्यांना चालेल अशा’ होडीबरोबर आली. आमच्या भाषेत सांगायचं तर नंतर जोडलेलं फीचर. आणि नंतर जोडलेलं फीचर कुठे तुटतं? जोडावर.

घडीच्या कयाकमध्ये तरी ते फारसं जाणवलं नाही, कारण सीट सांगाड्यात नुसती बसवलेली असायची आणि वजन थेट तळाच्या लाकडावर जायचं. याच जातीच्या कयाकमधून ऑस्कर स्पेक नावाचा बेकार जर्मन इलेक्ट्रिशियन १९३२ मध्ये डॅन्यूब नदीवरच्या उल्महून निघाला. जायचं होतं सायप्रसला, काम शोधायला. गडी थांबलाच नाही. कराचीवरून आपल्याच किनाऱ्याने, मुंबई करत १९३५ मध्ये सिलोनला पोचला आणि १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत. तिथे उतरला तेव्हा दुसरं महायुद्ध सुरू झालेलं, म्हणून शत्रूदेशाचा नागरिक म्हणून थेट कैदेत! त्याच्यावर वेगळा भाग करायचाय, त्यामुळे इथे आवरतो.

खरी गडबड सुरू झाली फायबरग्लासमुळे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर. आता सांगाडा गेला, राहिलं एक पातळ कवच. सीट ठेवायची कशावर? तर बसायच्या खळग्याची जी कड असते तिच्यापासून दोन बाजूंनी सीट खाली टांगली, झोळीसारखी. पाण्यात हे छान चालतं. पण लोक होडी वाळूवर ठेवतात, आत बसतात आणि घसरत पाण्यात जातात. किंवा कडेवर हात टेकून धप्पकन बसतात. सत्तर-ऐंशी किलोचा झटका जातो कुठे? बाजूची पट्टी जिथे कडेला वळते त्या काटकोनी वळणावर. तिथे केसासारखी चीर पडते आणि प्रत्येक खेपेला थोडी थोडी वाढते.

याचा इलाज लोकांनी तेव्हाच शोधला आणि तो आजही तोच आहे. चीर नुसती भरायची नाही. आजूबाजूला तीन-चार बोटं जागा पॉलिश पेपरने खरबरीत करायची, अॅसिटोनने पुसायची, आणि काचेच्या कापडाचे दोन-तीन थर रेझिनमध्ये भिजवून, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा मोठा, असे वळणावरून नेऊन लावायचे. वळण शक्यतो गोलसर करायचं, कारण काटकोनात ताण एकवटतो. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सीटच्या खाली, सीट आणि तळ यांच्यामध्ये फोमचा घट्ट ठोकळा बसवायचा. मग सीट टांगलेली राहत नाही, टेकलेली होते. वजन परत तळावर गेलं, म्हणजे आपण त्या कातड्याच्या कयाकपाशीच आलो की!

आता प्लास्टिक. माझ्या भावाच्या होड्या याच. २७ मार्च १९३३ ला इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत, भलत्याच प्रयोगातून, पांढरा मेणासारखा पदार्थ मिळाला, तो पॉलिइथिलीन. त्याची पावडर साच्यात घालून, साचा भट्टीत दोन दिशांनी फिरवायचा, की आतून सगळीकडे सारखा थर बसतो. गच्चीवरची काळी पाण्याची टाकी अशीच बनते. १९७० च्या दशकात गुजरातेत कलोलला त्या टाक्या सुरू झाल्या आणि त्याच दशकात अमेरिकेत याच पद्धतीच्या कयाक आल्या. कॅलिफोर्नियात टिम नीमायरने तर माणूस आत न बसता वर बसेल अशी कयाक आणली. आपल्याकडे समुद्रकिनाऱ्यावर भाड्याने मिळते ती बहुतेक हीच.

ही होडी दगडावर आपटली तरी फुटत नाही. पण तिला दोन खोडी आहेत. एक, पॉलिइथिलीनला काहीही चिकटत नाही. एपॉक्सीची पुटी लावा, वाळली की चकतीसारखी निघून हातात येते. दोन, होडी चहूबाजूंनी बंद असते, आत हात जात नाही, मग बोल्टला मागून नट लावणार कोण?

इथे विमानं येतात. एकाच बाजूने ठोकता येणारं रिव्हेट आणि एकाच बाजूने बसवता येणारा नट, दोन्हींची वाढ विमानांच्या कामातून झाली. पंखाच्या पुढच्या कडेला बर्फ जमू नये म्हणून रबरी पट्टे बसवायचे होते आणि पंखाच्या आत हात जात नव्हता. त्यासाठी १९३० च्या दशकात अमेरिकेच्या बी. एफ. गुडरिच कंपनीने असा नट काढला. तुमच्या कयाकवर सीटचा पट्टा अडकवायची जी कडी असते ती याच कुळातल्या रिव्हेटांनी बसवलेली असते.

मग तरी ती निघते का? कारण ते रिव्हेट मुळात धातूच्या पत्र्यासाठी होतं. प्लास्टिक सतत ताणाखाली असलं की हळूहळू सरकतं, भोक मोठं होतं आणि रिव्हेट एक दिवस पायाच्या एका जोरात बाहेर. पट्टे आवळून होडी उन्हात ठेवली की हे आणखी लवकर होतं.

दुसरं कारण गंज, आणि त्याचा धडा १७६३ चा आहे. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा मारला, लोखंडी खिळ्यांनी. जहाज वेस्ट इंडीजहून परत आलं तेव्हा खिळे कुजून गेले होते. मात्र जिथे तांबं आणि लोखंड यांच्यामध्ये वेष्टनाचा तपकिरी कागद राहून गेला होता, तिथले खिळे शाबूत! खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यातला एक खाल्ला जातो. अॅल्युमिनियमचं रिव्हेट आणि स्टीलची कडी, खाऱ्या खाडीत रोज भिजणारी. २६० वर्षांपूर्वीचंच गणित.

भावाकडे आम्ही काय केलं ते सांगतो. कडी होती तिथली रिव्हेटं ड्रिलने काढली. भोकं मोठी झाली होती, ते उलट बरंच झालं, कारण त्याला सुचवलेला वेलनट मोठं भोकच मागतो. रबराची नळी, आत पितळी नट. बोल्ट आवळला की रबर आतल्या बाजूला फुगतं, वजन पसरतं आणि पाणीही आत जात नाही. शिवाय मधलं रबर म्हणजे ‘अलार्म’वरचा तो कागदच. बोल्ट स्टेनलेस, कडीखाली रुंद वॉशर, आणि हाताने घट्ट होईल एवढंच आवळायचं. जिथे झाकणातून आत हात पोचत होता तिथे सरळ बोल्ट, आतून मोठा वॉशर आणि न सुटणारा नट. भोकाजवळ चीर असेल तर तिच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढे सरकत नाही.

एका होडीला त्याच्या तांडेलाने आधीच नायलॉनच्या दोरीने सीट बांधून ठेवली होती. मला ती बांधणी आवडली, सांधा हलता ठेवणारी, जुन्या कयाकसारखी. पण तिच्यात एक मोकळा फास लोंबत होता. होडी उलटली आणि त्यात पाय किंवा लाइफ जॅकेटचा पट्टा अडकला तर? पर्यटकाला पोहता येत नाही असं धरूनच चालायचं असतं. तेवढा फास कापला, टोकं जाळून घट्ट केली, बाकी बांधणी तशीच ठेवली.

आता भावाचा रोजचा नियम असा: संध्याकाळी पट्टे सैल करायचे, कडी-बोल्टवर गोडं पाणी मारायचं, होडी सावलीत ठेवायची, आणि सीटला धरून होडी उचलायची नाही. शेवटचा नियम पोरं पाळत नाहीत, म्हणून त्याने सीटच्या पाठीवर लाल रंगात ‘इथे धरू नये’ असं रंगवून घेतलंय. सहापैकी पाच होड्या पाण्यात आहेत. सहावीची कड इतकी फाटलीय की ती प्लास्टिक वेल्डिंगला कुडाळला गेलीये. ती जुन्या क्रॉसलिंक प्लास्टिकची निघाली तर वेल्ड होणार नाही, कारण ते वितळतच नाही. कळलं की कॉमेंटमध्ये टाकतो.