कुंडलिकेची खाडी आणि बोयावरचा दिवा

सह्याद्रीच्या पायथ्याशी भिऱ्याच्या बाजूने उतरून कोलाडवरून रोह्यास येणारी, आणि तेथून खाडीचे रूप धारण करून रेवदंडा व कोर्लई यांच्या मधून अरबी समुद्रास मिळणारी कुंडलिका, आगगाडी व मोटाररस्ता यांनी तिचे महत्त्व हिरावून घेईपर्यंत, रोहे तालुक्याचा खरा हमरस्ता होती. एका तीरास रोहे व समोरच्या तीरास अष्टमी असा हा जोडकसबा तांदळाच्या व्यापारावर नांदत असे; त्याचा माल पडावांत व मचव्यांत भरला जाई, ओहोटीच्या ओघाबरोबर रेवदंड्यापर्यंत उतरे आणि मुंबईची वाट धरी; परतीची गलबते खाडीच्या मुखाशी नांगर टाकून भरतीची वाट पाहत आणि पाणी चढू लागले की त्याच्या आधाराने रोह्याकडे सरकत.

भरती मात्र सूर्याचे वेळापत्रक जुमानीत नाही. ती दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आज दुपारी मिळालेले पाणी आठवड्याभराने रात्री मिळते. शिवाय जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा हाही रात्रीचाच सोबती असल्यामुळे, बंदरातून बाहेर पडू इच्छिणाऱ्या शिडाच्या तारवास काळोखाचा आश्रय घेण्यावाचून गत्यंतर नसे. दिवसा कोर्लईच्या डोंगराचे नाक, देवळाचा कळस, माडांची रांग अशा खुणा साधून गाळातील वाट काढता येई. रात्री या सर्व खुणा लोपत आणि शिसे बांधलेल्या दोरीने पाण्याचा ठाव घेत, वडिलांकडून मिळालेल्या माहितीच्या भरवशावर तांडेल आपले गलबत पुढे काढी.

ज्यास ही माहिती नव्हती त्याची या मुखाने काय गत केली, याचा पुरावा इतिहासात आहे. १५०८ साली याच मुखावरच्या चौलच्या बंदरात इजिप्तच्या सुलतानाचे आरमार आणि दीवचा सुभेदार मलिक अयाज यांनी पोर्तुगीजांना गाठले. तेव्हा व्हाइसरॉयचा पुत्र लॉरेन्सो द आल्मेदा याचे जहाज माघार घेताना कोळ्यांनी मासेमारीसाठी रोवलेल्या खांबांत अडकून पडले आणि तो तेथेच मारला गेला. समुद्रावर आपल्या तोफांचा धाक बसविणाऱ्या सत्तेला पाण्यातल्या लाकडी खुंटांनी खिळवून ठेवावे, यात त्या खुंटांचे सामर्थ्य नव्हते. परकी वाट आणि तिच्यावर खूण नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. पुढे पोर्तुगीजांनी रेवदंड्यास कोट बांधला, समोरचा कोर्लईचा डोंगर घेतला, आणि १७४० मध्ये हा सारा मुलूख मराठ्यांच्या हवाली करून ते निघून गेले. परंतु मुखावर कोणाचेही निशाण असले तरी आतली वाट ठाऊक असे ती कोळ्यांना, खारव्यांना आणि भंडाऱ्यांनाच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईची आगबोटींची वाहतूक वाढली, तशी किनाऱ्यावर दीपगृहांची योजना झाली. थळच्या समोर खांदेरी बेटावर १८६७ साली दीपगृह उभे राहिले, मुंबईतील कुलाब्याच्या दक्षिणेस प्राँग्जच्या खडकांवर १८७५ साली दुसरे उभे राहिले, आणि रोह्याचा तांदूळ घेऊन उत्तरेकडे जाणाऱ्या गलबतांनाही या दिव्यांचा लाभ झाला. परंतु दीपगृह म्हणजे एक नोकरीचे ठाणे होते. वात साफ करावयाची, तेल घालावयाचे, यंत्रास किल्ली द्यावयाची, यासाठी तेथे माणसे ठेवावी लागत, त्यांना शिधा व पाणी पोहोचवावे लागे. उथळाच्या कडेस साखळीने जखडलेल्या, लाटेबरोबर डोलणाऱ्या लोखंडी बोयावर असा माणूस बसविता येणे शक्य नव्हते. म्हणून दिवसा उपयोगी पडणारा बोया रात्री निरुपयोगीच नव्हे, तर अंधारात गलबतावर आदळणारी एक नवी अडचण ठरे.

या अडचणीवर पहिला तोडगा जर्मनीतील यूलियस पिंट्श याने काढला. रेल्वेच्या डब्यांत जळणारा, तेलापासून काढलेला वायू दाबून बोयाच्या पोटात भरावयाचा आणि त्यावर आठवडेच्या आठवडे ज्योत तेवत ठेवावयाची, ही त्याची पद्धत १८७० नंतरच्या दशकात प्रचारात आली. ती उत्तम होती, पण ज्योत दिवसाही जळे आणि वायूचा अपव्यय होई. पुढे जत्रेतील दुकानांतून आपल्याला परिचित झालेल्या कार्बाइडच्या दिव्यातील ॲसिटिलीन हा वायू पुढे आला; त्याचा उजेड कितीतरी शुभ्र, परंतु दाब वाढला की तो स्फोट पावे. स्वीडनमधील गुस्ताफ दालेन या अभियंत्याने सच्छिद्र द्रव्याने भरलेल्या नळकांड्यात ॲसिटोनमध्ये विरघळवून तो निर्धोक साठविण्याची युक्ती पूर्णत्वास नेली. आणि त्याबरोबरच दोन साधनांनी त्याने बोयावरच्या दिव्याचा रखवालदारच अनावश्यक केला.

त्यांतील पहिले साधन वायूच्या स्वतःच्याच दाबाने उघडझाप करणारी झडप. क्षणभर लकाकी आणि मग दीर्घ काळोख, अशी तिची लय असल्यामुळे सतत जळणाऱ्या ज्योतीच्या मानाने वायूचा खर्च एका लहानशा अंशावर आला. आणि प्रत्येक बोयास निराळी लय देता आल्यामुळे कोणता दिवा कोणता, हे नाखव्यास दुरूनच ओळखता येऊ लागले. दुसरे साधन १९०७ सालची सूर्यझडप. तिच्यात एक काळी दांडी व तिच्याभोवती चकचकीत दांड्या असत. दिवस उजाडला की काळी दांडी प्रकाश शोषून अधिक प्रसरण पावे व वायूचा मार्ग बंद करी, सांज झाली की आकसून तो पुन्हा मोकळा करी. या कार्याबद्दल दालेनला १९१२ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या प्रयोगातील स्फोटाने त्याचे डोळे गेले होते, आणि पारितोषिक स्वीकारावयास त्याचा भाऊ गेला. तशाही अवस्थेत १९३७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने आपल्या कारखान्याचा कारभार पाहिला.

यंत्राचा प्रश्न असा सुटला. खर्चाचा सुटावयाचा होता. १९२७ च्या भारतीय दीपगृह कायद्याने बोये, खुणा व दीपनौका या सर्वांचा दीपगृहांत समावेश केला, जहाजांवर दीपकर बसविला आणि त्याच्या उत्पन्नातून सर्वसाधारण दिव्यांची व्यवस्था लावली. लहान बंदरांचे स्थानिक दिवे मात्र स्थानिक अधिकाऱ्यांच्या माथी राहिले. पन्नास टनांखालील जहाजांना दीपकराची माफी होती. रोह्याकडे चढणारी लहान गलबते या माफीत बसत. ही सवलत दयेची खरी, पण तिच्या पोटात एक न्याय दडलेला होता: जे तारू कर भरीत नाही, त्याच्या वाटेवर दिवा लावण्यास खजिन्याला निमित्त उरत नाही.

१९८६ साली लोहमार्ग रोह्यापर्यंत आला, पुढे कोकण रेल्वेचा आरंभ रोह्यापासूनच झाला, आणि तांदळाचे पडाव खाडीतून नाहीसे झाले. परंतु खाडी ओस पडली नाही. मुखापाशी साळावचा लोखंडाचा कारखाना उभा राहिला, रोहे तालुक्यात सानेगावला कोळशाचे बार्ज लागू लागले, आणि शेजारच्या पेण तालुक्यात डोलवीच्या कारखान्यासाठी धरमतरच्या खाडीतून मालाची अखंड ये-जा सुरू झाली. अशा वाहतुकीस रात्र वाया घालविणे परवडत नाही. म्हणून तिच्या मार्गांवर दिव्यांचे बोये आले. त्यांवर आता वायूच्या नळकांड्याऐवजी सौर पट्टी व बॅटरी असते आणि सूर्यझडपेचे काम प्रकाश ओळखणारा लहानसा विद्युत् घटक करतो. समुद्रातून आत शिरताना डाव्या हातास तांबडा व उजव्या हातास हिरवा दिवा हा १९८० मध्ये ठरलेला संकेत भारतात पाळला जातो.

या सर्व इतिहासाचे तात्पर्य असे की, दिवा धोक्याच्या मागोमाग येत नाही, तो महसुलाच्या मागोमाग येतो. रोह्याच्या तांदळाची गलबते ज्या गाळातून रात्री-अपरात्री चाचपडत गेली, तो गाळ कोळशाच्या बार्जपूर्वीही तितकाच घातक होता. १९२७ चा कायदा जाऊन २०२१ साली नवा कायदा आला आहे. त्याच्या अंमलात लहान खाड्यांची आखणी होईल तेव्हा कर भरणाऱ्या जहाजाबरोबर कर न भरणाऱ्या होडीचीही गणती व्हावी, अशी मागणी रोहे-रेवदंड्याच्या नाखव्यांनी केली तर ती सर्वथा वाजवी ठरेल.