गोठलेले सरबत : बर्फ, मीठ आणि एक डबा

'सॉर्बे' हा शब्द अलीकडे मोठ्या हॉटेलांच्या पदार्थयादीत दिसू लागला. तो फ्रेंच म्हणून आपल्याला परका वाटतो. प्रत्यक्षात तो आपल्या सरबताचाच सख्खा भाऊ आहे. अरबी 'शर्बा' म्हणजे पेय. त्यावरून फारसी शरबत, तुर्की शेर्बेत, इटालियन सोर्बेतो आणि पुढे फ्रेंच सॉर्बे असा त्याचा प्रवास झाला. त्याच मुळातून फारसीमार्फत आपल्याकडे सरबत आले. फरक इतकाच, की आपले सरबत पातळ राहिले आणि युरोपातले गोठले. नेपल्समध्ये आंतोनिओ लातिनीने १६९० च्या दशकात अशा गोठवलेल्या सरबतांच्या कृती छापल्या. मग आपले का गोठले नाही? यंत्र नव्हते म्हणून, असे उत्तर सहज दिले जाते. माझ्या मते ते चुकीचे आहे.

कवठे महांकाळसारख्या गावावरून हा प्रश्न पाहावा. गावाच्या नावातच कवठ आहे आणि कवठाचे आंबटगोड सरबत उन्हाळ्यातले नामांकित. तालुका पूर्वापार अवर्षणग्रस्त. आता म्हैसाळ योजनेच्या पाण्यावर द्राक्षबागा उभ्या आहेत. फळ आहे, साखरही आहे. गोठवायला लागणाऱ्या आणखी दोन वस्तू म्हणजे बर्फ आणि मीठ. खरा इतिहास या दोन वस्तूंचा आहे.

गार करण्याची विद्या आपल्याकडे जुनीच. अबुल फजलच्या 'आइन-ए-अकबरी'त सोऱ्याने पाणी थंड करण्याची कृती मापांसह दिली आहे. पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकायचा आणि एक शेर पिण्याच्या पाण्याची बंद सुरई त्यात पाव तासभर फिरवत राहायची. सोरा विरघळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो. पण या रीतीने पाणी गार होते, त्याचे बर्फ होत नाही. पुढे अकबराचा मुक्काम लाहोरला असताना उत्तरेच्या डोंगरांतून बर्फ येऊ लागले. सरबत गोठायला असे तयार बर्फच लागते आणि दख्खनच्या पठाराला बर्फाचा डोंगर नाही.

ते बर्फ अखेर समुद्रातून आले. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ मध्ये 'टस्कनी' जहाजातून कलकत्त्याला तळ्याचे बर्फ धाडले. चार महिन्यांच्या प्रवासात बरेच वितळले, तरी सुमारे शंभर टन पोहोचले. पाठोपाठ मुंबईतही अमेरिकन बर्फ आले. जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि यजमानांसह पाहुण्यांनाही पडसे झाले, ही 'मुंबई समाचार'मधली बातमी प्रसिद्धच आहे. १८४६-४७ च्या हिवाळ्यात वॉल्डन तळ्यावर बर्फ कापणारी माणसे पाहून थोरोला मुंबई, मद्रास, कलकत्त्याची तहान आठवली. पण ते बर्फ बंदराच्या शहरांतल्या धनवंतांचे होते. घाट चढेपर्यंत त्याचे पाणीच झाले असते. १८७० च्या दशकात मद्रास-कलकत्त्यात बर्फाचे कारखाने निघाले आणि जहाजी बर्फाचा व्यापार बसला. खेड्यापर्यंत बर्फ जायला मात्र गावोगाव वीज आणि बर्फाचा कारखाना लागत होता.

दुसरी वस्तू मीठ. नुसत्या बर्फात सरबताचा डबा ठेवला तर सरबत थंड होते, गोठत नाही. कारण साखर मिसळलेले पाणी शून्य अंशाच्याही खाली गोठते आणि वितळते बर्फ शून्यावरच राहते. मीठ घातले की बर्फ शून्याखालीही वितळत राहते. एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते; ती डब्यातून ओढली जाते. मिठाचे प्रमाण नेमके असेल तर हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरते.

पण हे मीठ शेवटी फेकून द्यायचे असते, आणि इंग्रजी अमलात मीठ फेकण्याची वस्तू नव्हती. १९२३ मध्ये मिठावरचा कर मणाला सव्वा रुपयावरून अडीच रुपये केला गेला, म्हणजे किलोमागे साधारण एक आणा नुसता कर. शेतमजुराची रोजी तेव्हा आण्यांत मोजली जाई. पुढच्या वर्षी दर पुन्हा उतरला, पण कर राहिलाच. १९३० मध्ये शिरोड्याला लोकांनी ज्या मिठासाठी लाठ्या खाल्ल्या, ते गंमत म्हणून बादलीत ओतणे कोणाला परवडणार? हा कर १९४७ मध्ये गेला.

यंत्राचा क्रम या दोन्हींच्या नंतर लागतो. फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सनने १८४३ मध्ये हाताने फिरवायच्या यंत्राचे पेटंट घेतले. आपला लाकडी बादलीचा आइस्क्रीम पॉट त्याच जातीचा. लग्नकार्यात आणि मे महिन्याच्या सुटीत तो आळीपाळीने फिरवला जाई. पण कुल्फीवाल्याला पॉटही लागला नाही. माठ, त्यात मीठ-बर्फ आणि पत्र्याचे साचे, एवढ्यावर त्याचे भागले. दांडा असो वा नसो, काम तेच.

म्हणूनच ते आजही घरी करता येते. अर्धा किलो द्राक्षे स्वच्छ धुऊन, वाटून गाळून घ्यावीत. त्यात ७५ ते १०० ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस घालावा. गारठ्यात जिभेला गोडी कमी कळते, म्हणून मिश्रण पिण्याच्या सरबतापेक्षा थोडे गोडच हवे. घट्ट झाकणाच्या, कडीच्या स्टीलच्या डब्यात ते दोनतृतीयांश भरावे; गोठताना फुगते. तीन किलो बर्फ गोणपाटात गुंडाळून बत्त्याने बारीक करावे. बादलीत बर्फ आणि एक किलो खडेमीठ यांचे थर द्यावेत, मध्ये डबा बसवावा आणि बादलीला बाहेरून गोणपाट गुंडाळावे. कडी धरून डबा सतत उलटसुलट फिरवावा. दर दहा मिनिटांनी झाकण पुसून उघडावे, म्हणजे खारे पाणी आत जात नाही, आणि कडेला धरलेला थर उलथन्याने खरवडून मध्ये ढकलावा. हे खरवडणे चुकवू नये. न हलवता ठेवले तर बर्फाचे मोठे खडे धरतात आणि पदार्थ दगडासारखा होतो. साधारण अर्ध्या-पाऊण तासात रवाळ, चमच्याने उचलता येईल असे सरबत तयार होते. उरलेले खारे पाणी झाडांना घालू नये.

आपल्या भागात गावोगाव बर्फ पोहोचवले ते गारेगारवाल्याने. सायकलीमागे लाकडी पेटी बांधून तो ओरडत येई. 'गार' म्हणजे थंड आणि 'गार' म्हणजे आकाशातून पडणारा बर्फाचा खडाही. कारखान्याच्या बर्फापूर्वी या पठाराने पाहिलेले बर्फ ते एवढेच, आणि आजही गारपिटीच्या नुसत्या अंदाजाने द्राक्षबागायतदाराची झोप उडते. एका फटक्यात वर्षाचा माल आणि त्यावरचे कर्ज दोन्ही जमिनीवर येतात.

तेव्हा तीन किलो बर्फ म्हणजे अखेर तीन लिटर पाणी, हेही ध्यानात ठेवावे. ज्या तालुक्याने टँकरच्या रांगा पाहिल्या, तिथे फळ गोठवण्याइतके पाणी, वीज आणि मीठ साध्या घरात एकाच वेळी असणे ही फार अलीकडची गोष्ट आहे. डबा आणि मनगट मात्र आपल्याकडे पहिल्यापासूनच होते.